कोणाचा वाटा किती?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दूधविनायक, काशी येथे दिलेले व्याख्यान)



अशा प्रसंगी काशीतील महाराष्ट्रीयांचा इतिहास सांगण्याची रीत आहे. पैठणहून येथे येऊन स्थिरावलेले भट्ट घराणे, १६७४ साली शिवराज्याभिषेकासाठी रायगडी गेलेले गागाभट्ट, अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा उभे केलेले विश्वनाथाचे मंदिर यांचे स्मरण सुवर्णमहोत्सवात व्हावे हे उचितच आहे. परंतु कार्यवाहांनी मला विषयाची मोकळीक दिली आहे. तिचा लाभ घेऊन मी आज एका रुक्ष वाटणाऱ्या विषयाकडे आपले लक्ष वेधणार आहे. हा विषय मोजणीचा आहे.

काशीत आज मराठी माणसे किती, असा प्रश्न या सभागृहात विचारला तर दहा जण दहा उत्तरे देतील. कोणी मंडळाची वर्गणीची वही काढील, कोणी गणेशोत्सवातील पंगतीची पाने मोजील, तर कोणी दुर्गाघाट, ब्रह्माघाट आणि दूधविनायक या मोहल्ल्यांतील घरे बोटांवर मोजून दाखवील. यांपैकी खोटे कोणीच बोलत नसेल. प्रत्येकाने मोजले ते निराळे, एवढेच. असे असता कोणता आकडा खरा धरावा? या प्रश्नाचा विचार काशीबाहेर फार बारकाईने झालेला आहे, आणि तोही अशा क्षेत्रात की जेथे त्याची अपेक्षा आपण करणार नाही. त्याकडे मी वळणारच आहे. परंतु आरंभ घरापासून केलेला बरा.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी काशीची लोकसंख्या ५ लक्ष ८२ हजार आहे असे सांगितले जाई. वॉल्टर हॅमिल्टन याच्या भूगोलकोशासारख्या इंग्रजी ग्रंथांतून तो आकडा छापला गेला. त्याच वर्णनात दगडाविटांची घरे सुमारे १२ हजार आणि मातीची १६ हजारांवर असल्याचेही म्हटले आहे. आपण साधे त्रैराशिक मांडले तर घरटी वीस माणसे पडतात! पक्क्या महालातील पाच-सहा मजली वाड्यांत वीसच काय, त्याहून अधिक माणसेही राहत असतील. पण मातीच्या झोपडीत ती कशी मावावीत?

पुढे जेम्स प्रिन्सेप काशीस आला. १८३७ साली ब्राह्मी लिपीचे कोडे ज्याने उलगडले तोच हा विद्वान. १८२० ते १८३० ही दहा वर्षे तो येथील टांकसाळीत अधिकारी होता. त्याने शहराचा नकाशा तयार केला आणि १८२८-२९ च्या सुमारास मोहल्लेवार शिरगणती केली. तिचा वृत्तांत १८३२ साली ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सतराव्या खंडात प्रसिद्ध झाला. त्याच्या हिशेबाने शहराची वस्ती भरली सुमारे १ लक्ष ८० हजार! तीस वर्षांच्या आत काशीतील दोन-तृतीयांश माणसे नाहीशी झाली की काय? तसे काही घडले नव्हते. घरांच्या संख्येवरून माणसांचा अजमास बांधणे ही एक रीत आणि मोहल्ल्यामोहल्ल्यांतून फिरून माणसे मोजणे ही दुसरी रीत. बदलली ती रीत, आणि तिच्याबरोबर आकडा बदलला.

यावरही कोणी विचारील की, यात्रेकरूंचे काय? काशीत आज निजलेला मनुष्य उद्या प्रयागास असतो. हा प्रश्न पुढे सरकारी जनगणनेपुढेही उभा राहिला. १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री सबंध देशाची एककालिक गणना झाली, आणि १९३१ पर्यंत हीच ‘एका रात्रीची’ पद्धत चालू होती. त्या रात्री जो जेथे सापडला तो तेथला. साहजिकच धर्मशाळेत उतरलेला नागपूरकर काशीच्या खात्यावर जमा होई. १९४१ पासून ही पद्धत सुटली आणि माणूस सामान्यतः जेथे राहतो तेथे त्याला मोजण्याची रीत आली. एका रीतीने काशीतील गर्दी मोजली जाते, दुसरीने काशीची वस्ती मोजली जाते. दोन्ही माहिती उपयोगाचीच आहे. पण एकीला दुसरीच्या नावाने हाक मारली की भांडण सुरू होते.

नेमके असेच एक भांडण आपल्या काळात संगणकाच्या जगात झाले, आणि ते इतके स्वच्छ होते की मोजणीचे सारे प्रश्न त्यात आरशासारखे दिसतात. संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर आपण जी पाने उघडतो ती दाखविणाऱ्या साधनाला ब्राउझर म्हणतात. रेल्वेचे आरक्षण असो, नातवाचा परीक्षेचा निकाल असो की पुण्याच्या दैनिकातील अग्रलेख असो, तो आपण कोणत्या ना कोणत्या ब्राउझरमधूनच पाहतो. एकेकाळी मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर या क्षेत्रात जवळजवळ एकछत्री राज्य करीत होता. पुढे मोझिलाचा फायरफॉक्स आला, आणि २००८ मध्ये गूगलचा क्रोम आला. मग स्वाभाविकपणे प्रश्न निघाला की, कोणाचा वाटा किती?

मे २०१२ मध्ये या प्रश्नाची दोन उत्तरे जगापुढे आली. आयर्लंडमधील स्टॅटकाउंटर या संस्थेने सांगितले की क्रोमने एक्सप्लोररला मागे टाकले. दोघांचाही वाटा ३२ टक्क्यांच्या आसपास असून क्रोम किंचित पुढे आहे. अमेरिकेतील नेट ॲप्लिकेशन्स या संस्थेने त्याच महिन्यासाठी एक्सप्लोररला ५४ टक्के आणि क्रोमला २० टक्क्यांहूनही कमी वाटा दिला. महिना तोच, जगही तेच. मग २२ टक्क्यांचे अंतर आले कोठून?

पहिले कारण एककाचे. स्टॅटकाउंटर उघडली गेलेली पाने मोजत असे. नेट ॲप्लिकेशन्स पाने उघडणारी निरनिराळी माणसे, किंबहुना त्यांची यंत्रे, मोजत असे. विश्वनाथाच्या दारी रोज पहाटे जाणारा मनुष्य वर्षात ३६५ दर्शने घेतो; कोल्हापुराहून आलेला यात्रेकरू एकच घेतो. दर्शने मोजाल तर मंदिर काशीकरांचे दिसेल, भाविक मोजाल तर यात्रेकरूंचे दिसेल. क्रोम वापरणारे लोक अधिक पाने उघडत असतील तर पहिल्या मोजणीत त्यांचे वजन वाढणार, हे उघड आहे.

दुसरे कारण भाराचे. दोन्ही संस्था जगातील सर्व संकेतस्थळे पाहत नव्हत्या. ज्या स्थळांनी त्यांची मोजणीची खूण बसवून घेतली होती तेवढीच पाहत होत्या. शितावरून भाताची परीक्षा करावी असे आपण म्हणतो. परंतु ती परीक्षा पातेले नीट ढवळलेले असेल तरच खरी. तळचा भात करपलेला आणि वरचा कच्चा असेल तर एका शिताने काय कळणार? हनुमानघाटावर उभे राहून मोजणाऱ्याला काशी तमिळ भाषकांची वाटेल, बंगाली टोल्यात उभा राहील त्याला बंगाल्यांची वाटेल, आणि आपल्या दूधविनायकाच्या गल्लीत उभा राहील तो पेशवाई अजून चालू आहे असेही लिहून जाईल! हा दोष सुधारण्यासाठी नेट ॲप्लिकेशन्स प्रत्येक देशातील महाजाल वापरणाऱ्यांच्या संख्येप्रमाणे आपल्या आकड्यांना भार देत असे. चीनमधील नमुना लहान असला तरी चीनमधील महाजाल वापरणाऱ्यांच्या संख्येएवढे वजन त्याला मिळे. स्टॅटकाउंटर असा भार देत नसे. आपला नमुनाच पुरेसा मोठा आहे, असे तिचे म्हणणे. भार दिला तर लहान नमुन्यातील चूकही मोठी होते. न दिला तर ज्या देशात आपली खूण कमी तो देश दुर्लक्षिला जातो. दोन्ही मार्गांत जोखीम आहे.

तिसरे कारण मोठे मौजेचे आहे. वाचक पुढे कोणते पान उघडील याचा तर्क करून क्रोम ते पान आधीच गुपचूप मांडून ठेवू लागला. वाचकाने ते पाहिले नाही तरी मोजणीत मात्र त्याची नोंद होई. पंगतीत पाने मांडली शंभर आणि जेवायला बसले नव्वद, तर मोजायचे काय? यावर मायक्रोसॉफ्टने मार्च २०१२ मध्ये जाहीर आक्षेप घेतला. नेट ॲप्लिकेशन्सने त्याच वर्षी फेब्रुवारीपासून आणि स्टॅटकाउंटरने मेपासून अशी न पाहिलेली पाने वगळण्यास प्रारंभ केला. तरीही दोघींच्या आकड्यांतील अंतर राहिलेच, कारण मूळ मतभेद एककाचा आणि भाराचा होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दोन्ही संस्थांनी आपली रीत लपविली नव्हती. ज्यांनी ती वाचली त्यांना भांडणाचे कारणच उरले नाही. भांडण केले ते केवळ आकडा उचलणाऱ्यांनी, आणि प्रत्येकाने आपल्या सोयीचा उचलला. आपला तो बाब्या, हा न्याय टक्केवारीलाही लागू पडतो.

आता या प्रकरणातील जो भाग मला आपणांपुढे विशेषेकरून ठेवावयाचा आहे त्याकडे येतो. ब्राउझर कोणता हे मोजणाऱ्याला कळते कसे? प्रत्येक ब्राउझर संकेतस्थळाच्या दारी आपले नाव सांगतो, त्यावरून. आणि हे नाव पुष्कळदा खरे नसते! काही संकेतस्थळे अपरिचित नावाच्या ब्राउझरला दारातूनच परत पाठवीत; म्हणून लहान ब्राउझरांनी मोठ्यांची नावे सांगण्यास सुरुवात केली. ऑपेरा हा ब्राउझर एकेकाळी आपण एक्सप्लोरर असल्याचे सांगत असे. व्हिवाल्डी नावाच्या ब्राउझरने डिसेंबर २०१९ पासून बहुतेक ठिकाणी आपण क्रोम असल्याचे सांगण्यास आरंभ केला. हेतू निरुपद्रवी होता: वापरणाऱ्याची अडवणूक होऊ नये. परंतु त्याचा परिणाम पाहा. ज्याने नाव बदलले तो गणनेतून नाहीसा झाला. गणनेत नाही म्हणून संकेतस्थळे बांधणारे त्याचा विचार करीनात. अमेरिकेच्या सरकारी संकेतस्थळांच्या रचनापद्धतीत असा नियम आहे की ज्या ब्राउझरचा वापर दोन टक्क्यांहून अधिक आढळतो त्यांच्यासाठी व्यवस्था पाहावी. अशा उंबरठ्यापाशी प्रत्येक शिराला किंमत असते. सोयीसाठी लपविलेले नाव शेवटी गैरसोयीलाच कारण होते.

श्रोतेहो, आता संगणक बाजूला ठेवू आणि आपल्या घरात डोकावू. जनगणनेत प्रत्येक व्यक्तीची मातृभाषा विचारली जाते. २००१ मध्ये मराठी मातृभाषा सांगणारे देशात सुमारे ७ कोटी १९ लक्ष होते आणि मराठीचा क्रम चौथा होता. २०११ मध्ये ते ८ कोटी ३० लक्ष झाले आणि तेलुगूला मागे टाकून मराठी तिसरी आली. हे वाचून आपल्याला आनंद होतो. पण ज्या भाषेत काशी जगते, भाजी घेते आणि भांडते तिचे काय? २०११ मध्ये ५ कोटींहून अधिक लोकांनी आपली मातृभाषा भोजपुरी असे सांगितले, आणि तक्त्यात ते सर्व हिंदी या शीर्षाखाली मिळविले गेले. हिंदीची ५२ कोटी ८३ लक्ष ही संख्या अशा अनेक मातृभाषांची बेरीज आहे. केवळ ‘हिंदी’ असे नाव सांगणारे ३२ कोटी २२ लक्ष होते. मिळवणी योग्य की अयोग्य हा वाद मी येथे काढत नाही. कोणत्या शीर्षाखाली कोणाला बसवायचे हे मोजणारा ठरवितो आणि टक्केवारी त्यावर अवलंबून राहते, एवढेच मला दाखवायचे आहे.

आपल्याविषयी मात्र मोजणाऱ्याला दोष देता येणार नाही. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे बालपणी आईने ज्या भाषेत आपल्याशी बोलणे केले ती आपली मातृभाषा; आई लहानपणीच वारली असल्यास त्या काळी घरात प्रामुख्याने बोलली जाणारी भाषा. घरातील प्रत्येकाची मातृभाषा स्वतंत्रपणे विचारायची असते, आणि घरचा माणूस सांगेल तीच लिहिण्याची सूचना प्रगणकाला असते. मग काशीतील मराठी घरात काय घडते? प्रगणक हिंदीत विचारतो, आपण हिंदीत उत्तर देतो. तो पहिल्या माणसाची भाषा लिहितो आणि पुढच्या रकान्यांत तीच ओढतो. ‘आम्ही येथे चार पिढ्या आहोत, आता आमची हिंदीच,’ असे आपणही संकोचाने म्हणून जातो. दारात निराळे नाव सांगण्याचा त्रास नको, एवढाच त्यातला भाव असतो. व्हिवाल्डीने याहून काही वेगळे केले नाही.

हिंदीविषयी परकेपणा बाळगा, असे मला मुळीच सुचवायचे नाही. बाबूराव विष्णु पराडकर याच नगरीत मराठी कुटुंबात १८८३ साली जन्मले. १९२० मध्ये येथून निघालेल्या ‘आज’ या दैनिकाचे संपादक म्हणून त्यांनी हिंदी पत्रकारितेला वळण लावले. हिंदीची सेवा करण्यासाठी त्यांना मराठीपण पुसावे लागले नाही. जनगणनेतही मातृभाषेखेरीज अवगत असलेल्या आणखी दोन भाषांची नोंद होते. हिंदीला तेथे मानाची जागा आहे.

कोणी म्हणेल, एका रकान्याने काय बिघडते? तर संख्येवर उभ्या असलेल्या तरतुदी आपल्या देशातही आहेत. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले ३५०-अ हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयीविषयी सांगते. आणि त्याआधी १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने त्यासाठी वर्गात १० किंवा शाळेत ४० विद्यार्थी हा उंबरठा सुचविला होता. ज्यांची नोंदच नाही ते उंबरठ्यापर्यंत तरी कसे पोहोचणार? त्याखेरीज १० हजारांहून कमी भाषकांच्या मातृभाषांची नावे देशाच्या तक्त्यांतून स्वतंत्रपणे दिली जात नाहीत. मराठीवर ती वेळ नाही. पण प्रत्येक जिल्ह्याच्या पातळीवर आपले अस्तित्व त्या एका रकान्यातच असते.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात माझ्या दोन विनंत्या आहेत.

पहिली जनगणनेसंबंधी. २०२१ ची गणना साथीमुळे लांबली. १६ जून २०२५ रोजी निघालेल्या अधिसूचनेने पुढील गणनेसाठी आपल्या भागाकरिता १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक ठरविला, आणि आपली माहिती आपणच भरण्याची सोयही जाहीर झाली. त्या प्रश्नाला खरे तेच उत्तर द्या. जिची आई बालपणी मराठीत बोलली तिने मराठी सांगावी. ज्या सुनेची आई भोजपुरीत बोलली तिने निःसंकोचपणे भोजपुरी सांगावी, आणि येथे येऊन शिकलेली मराठी अवगत भाषांत नोंदवावी. संख्या फुगविण्यासाठी घरातील सर्वांपुढे मराठी लिहिणे हे ५ लक्ष ८२ हजारांच्या वाटेने जाणे होय.

दुसरी विनंती मंडळाला. आपण आपली गणना स्वतः करावी. वर्गणीदार म्हणजे वस्ती नव्हे आणि पंगतीतील पाने म्हणजे भाषा नव्हे. या प्रत्येक गोष्टीला तिच्याच नावाने लिहावे. घराघरांत जाऊन प्रत्येक व्यक्तीविषयी तीनच प्रश्न विचारावेत: बालपणी तुमच्याशी मराठीत बोलणारे कोण होते? आज घरात तुम्ही मराठी बोलता काय? मराठी वाचता काय? दूधविनायक आणि घाटांच्या आसपासच न थांबता वरुणेपलीकडच्या नव्या वसाहतींत आणि विद्यापीठाच्या परिसरातही जावे, नाहीतर पातेले न ढवळताच शीत काढल्यासारखे होईल. ज्या घरांनी उत्तर दिले नाही त्यांची संख्याही लिहावी. आणि कोणी, केव्हा, कसे मोजले हे आकड्याशेजारीच छापावे.

या तीन प्रश्नांचे तीन आकडे येतील. पहिला मोठा असेल, दुसरा त्याहून लहान आणि तिसरा कदाचित फारच लहान. तो पाहून खिन्न होण्याचे कारण नाही. वाचणारी मुले किती उरली हे ठाऊक झाले तर रविवारचा मराठी वर्ग किती मुलांसाठी आणि कोणत्या मोहल्ल्यात भरवायचा हे ठरविता येईल; ग्रंथालयात बालवाङ्मय किती घ्यावे हेही कळेल. पाच वर्षांनी तेच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारावेत. मग वाढ झाली की घट, यावर वाद घालण्याऐवजी आपण वहीत पाहू शकू.

नेट ॲप्लिकेशन्सने आपली ती गणना ऑक्टोबर २०२० मध्ये बंद केली. ब्राउझरांच्या ओळख सांगण्याच्या रीतीच बदलू लागल्या, तेव्हा जुन्या पद्धतीने विश्वसनीय आकडे देता येणार नाहीत असे तिला दिसले. सांगणाऱ्याने ओळख सांगितली नाही तर मोजणारा कितीही कुशल असो, त्याचा हात थांबतो. आपल्या दारी येणाऱ्या प्रगणकाच्या आणि मंडळाच्या कार्यकर्त्याच्या हातात आपली ओळख देणे हे काम मात्र आपलेच आहे.